सांधे निखळलेली वाक्ये

मध्यंतरी एका भाषांतर-शिबिरास उपस्थित राहण्याचा योग आला. वक्ते बहुश्रुत होते. एक जुने इंग्रजी प्रार्थनापुस्तक हाती घेऊन त्यांनी त्यातले एक पान वाचण्यास आरंभ केला. 'ऑलबीट', 'हाऊबीट', 'लेस्ट', 'फॉर अ‍ॅज मच अ‍ॅज' असा एखादा शब्द आला की ते क्षणभर थांबत, श्रोत्यांकडे पाहत आणि हसत. श्रोतेही हसत. शेवटी पुस्तक मिटून त्यांनी सल्ला दिला की, ही सारी जुन्या घरातली जळमटे आहेत; ती झाडून टाकावीत, म्हणजे वाक्य मोकळे होते आणि अर्थ स्वच्छ दिसतो. तरुण भाषांतरकारांनी हा सल्ला आपापल्या वहीत उतरवून घेतला.

आम्हाला हसू आले नाही. काळजी मात्र वाटली, कारण ही थट्टा चारदोन जुनाट शब्दांपुरती नव्हती. व्याकरणात या शब्दांना उभयान्वयी अव्यये म्हणतात. एक गोष्ट दुसरीचे कारण आहे, की तिचा परिणाम आहे, की तिच्या आड येते आहे, की तिच्या भीतीने केली जात आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगण्याचे काम मुख्यतः यांचेच असते. नाम गळले तर वस्तू हरवते आणि वाचक अडखळतो. विशेषण गळले तर रंग हरवतो. उभयान्वयी अव्यय गळले तर विचाराचा दुवा हरवतो. आणि वाईट हे की, वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण वाक्ये सगळी जागच्या जागी दिसत असतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की, शब्द जुना झाला असेल तर तो खुशाल बदलावा. परंतु त्याने जोडलेला सांधा मोडू नये. आजचे पुष्कळ भाषांतरकार पहिल्या गोष्टीच्या नावाखाली दुसरी करीत आहेत.

प्रथम या शब्दांची घडण पाहावी. 'लेस्ट' हा मूळचा एक शब्दच नव्हे. प्राचीन इंग्रजीत तो तीन शब्दांचा समूह होता आणि 'ज्यायोगे ते कमी घडावे की' असा काहीसा त्याचा अर्थ होता. बोलण्यात झिजत झिजत त्याचे एक अक्षर उरले. पण त्या एका अक्षरात एखाद्या अनिष्टाची भीती आणि ते टाळण्याचा हेतू या दोन्ही गोष्टी शाबूत राहिल्या. 'ऑलबीट' म्हणजे 'ऑल बी इट', सर्व तसे असले तरी. 'हाऊबीट' म्हणजे कसेही असो. 'नॉटविथस्टँडिंग' हा लॅटिन कायदेपंडितांच्या वाक्प्रचारावरून घडवलेला शब्द. 'आड उभे न राहता' हा त्याचा सरळ अर्थ. यांपैकी प्रत्येक शब्दात एकेक आखखे वाक्य घडी घालून ठेवले आहे. आता ज्यांना 'हाऊबीट' ऐकून हसू येते त्यांना 'बिकॉज' ऐकून का येत नाही? तोही 'बाय कॉज' या दोन शब्दांचा सांधाच आहे. 'अनलेस' हाही 'याहून कमी अटीवर' अशा अर्थाच्या शब्दसमूहापासून झाला आहे. एक सवयीचा राहिला, दुसरा राहिला नाही, एवढाच काय तो फरक. सवय सुटली म्हणजे शब्द हास्यास्पद ठरतो असे मानणे हे भाषेच्या अभ्यासकास शोभत नाही.

काही शब्दांबरोबर तर भेदच नाहीसा झाला. इंग्रजीत पूर्वी 'सिथ' आणि 'सिन्स' असे दोन शब्द होते. मूळ एकच, पण सोळाव्या-सतराव्या शतकांतील काही लेखक काळ सांगायचा असेल तेथे 'सिन्स' आणि कारण सांगायचे असेल तेथे 'सिथ' वापरीत. 'सिथ' मेला आणि दोन्ही ओझी 'सिन्स'वर पडली. आज एखाद्या इंग्रजी वाक्यात 'सिन्स' आला की 'तेव्हापासून' समजावे की 'त्या अर्थी' समजावे, हे ठरवण्यास पुढचे वाक्य वाचावे लागते. भाषा सोपी झाली असे याला कोणी म्हणत असेल तर म्हणो. आमच्या मते तिच्या पेटीतले एक हत्यार कमी झाले.

दुसरी गोष्ट अशी की, हे शब्द ज्या काळी घडले त्या काळी विरामचिन्हांची आजची शिस्त नव्हती. पूर्णविराम कोठे, परिच्छेद कोठे, हे सांगण्याचे कामही पुष्कळदा यांनाच करावे लागे. आपल्याकडेही निराळे नव्हते. मेजर कँडीने विरामचिन्हांची पद्धत मराठीत रूढ करण्यापूर्वी आपले गद्य 'मग', 'तंव', 'ऐशास', 'सबब' अशा शब्दांच्या आधारानेच चालत होते. महानुभावांची 'लीळाचरित्र'सारखी रचना किंवा पेशवाईतील पत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे नव्याने सांगावयास नको. तेथे 'मग' काढून टाकला तर वाक्य मोकळे होत नाही, ते पांगते.

१६११ साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलात उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाची एकतीस वचने आहेत. त्यांतील एकोणतीस वचनांचा आरंभ 'अँड' या शब्दाने होतो. पहिले वचन अर्थातच तसे नाही, आणि सत्ताविसाव्यात, मनुष्याच्या निर्मितीच्या जागी, 'सो' आहे. शाळेतल्या निबंधात एखाद्या मुलाने असे लिहिले तर शिक्षक लाल शाईने वही रंगवतील. परंतु तेथे भाषांतरकारांची शब्दसंपत्ती अपुरी पडली होती असे नव्हे. हिब्रूतील जोडणारे अक्षर त्यांनी प्रामाणिकपणे उतरवले. आणि त्यामुळे प्रकाश, आकाश, भूमी, वनस्पती, प्राणी हे सुटे सुटे चमत्कार न वाटता एकाच हाताचे एकामागून एक चाललेले काम वाटते. सुधारलेल्या भाषांतरांत 'देन', 'सो' असे आलटूनपालटून शब्द घालतात किंवा काहीच घालीत नाहीत. वाक्य गुळगुळीत होते, पण त्या कामाची अखंड चाल तुटते.

तरीही 'अँड'ची गोष्ट एक वेळ कानाची म्हणून सोडून देता येईल. 'फॉर'ची तशी सोडता येत नाही. संत पौलाचे रोमकरांस पत्र उघडावे आणि पहिल्या अध्यायातील सोळा ते एकवीस ही सहा वचने पाहावीत. ग्रीकमध्ये तेथे 'गार' हे कारणवाचक अव्यय सहा वेळा आणि 'दिओती' हे त्याच अर्थाचे दुसरे दोन वेळा आले आहे. किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी ही आठही कारणे जशीच्या तशी ठेवली: सहा 'फॉर', एक 'बिकॉज' आणि शेवटी 'बिकॉज दॅट' हे आता लुप्त झालेले रूप. पौलाला सुवार्तेची लाज वाटत नाही; का? कारण ती तारणासाठी देवाचे सामर्थ्य आहे. ते का? कारण तिच्यात देवाचे नीतिमत्त्व प्रकट होते. आणि याची गरज का? कारण देवाचा क्रोधही प्रकट होत आहे. तो का? कारण देवाविषयी जे जाणता येते ते माणसांना उघड दिसत होते, आणि दिसत असूनही त्यांनी त्याचे गौरव केले नाही. हा एका वकिलाचा युक्तिवाद आहे. पायरीवर पायरी चढवत तो वाचकाला दुसऱ्या अध्यायाच्या 'म्हणून'पर्यंत नेतो, आणि तेथे दुसऱ्यास दोष लावणारा वाचक स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात सापडतो.

आता 'न्यू इंटरनॅशनल व्हर्शन' हे अत्यंत लोकप्रिय भाषांतर घ्यावे. त्याचा नवा करार १९७३ साली आणि संपूर्ण बायबल १९७८ साली निघाले. त्यात अठराव्या वचनातील 'फॉर' नाही. क्रोधाचे वाक्य एकदम नव्याने सुरू होते. इतकेच नव्हे, तर सतराव्या आणि अठराव्या वचनांच्या मध्ये देवाच्या क्रोधाविषयीचे एक ठळक उपशीर्षक घातले आहे. पौलाने जेथे सांधा जोडला होता तेथे संपादकांनी भिंत बांधली. सुवार्ता एका खोलीत राहिली आणि क्रोध दुसऱ्या. मग देवाचा क्रोध हा प्रेमापासून वेगळा, अचानक कोसळणारा विषय आहे असे कोणा वाचकास वाटले तर दोष कोणाचा? याच भाषांतराच्या १९८४ च्या आवृत्तीत सोळाव्या वचनाच्या आरंभीचा 'फॉर'ही नव्हता. २०११ च्या आवृत्तीत तो परत आला. आपली चूक सुधारणाऱ्यांचे आम्ही अभिनंदन करतो. परंतु अठराव्या वचनातला 'फॉर' त्यांनी अजून परत केलेला नाही.

याहूनही कठीण स्थळ बोधकथांसंबंधीचे आहे. येशू लोकांशी दाखल्यांनी का बोलत असे? संत मत्तयाच्या तेराव्या अध्यायात उत्तर 'कारण' या अव्ययाने येते: लोक पाहत असून पाहत नाहीत, म्हणून. संत मार्काच्या चौथ्या अध्यायात त्याच जागी 'हिना' हे हेतुवाचक अव्यय आहे: त्यांनी पाहूनही पाहू नये, यासाठी, आणि पाठोपाठ 'मेपोते' येते, ज्याचा किंग जेम्स बायबलातला प्रतिशब्द 'लेस्ट' आहे: त्यांनी वळू नये आणि त्यांना क्षमा मिळू नये म्हणून. एका शब्दाच्या फरकाने आकाश-पाताळाचा फरक पडतो. मत्तयाकडे माणसांचा आंधळेपणा हे कारण आहे, मार्काकडे तो हेतू आहे असे दिसते. या एका अव्ययाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या पंडितांची झोप उडवली. टी. डब्ल्यू. मॅन्सन यांनी असे सुचवले की, मूळ अरामाईक शब्द दुहेरी अर्थाचा होता आणि ग्रीकमध्ये येताना त्याचा अर्थ बदलला. योआखिम येरेमियास यांनी 'हिना'चा अर्थ 'शास्त्रवचन पूर्ण व्हावे यासाठी' असा लावला. कोणाचे खरे हा वाद आम्ही येथे मिटवू शकत नाही. परंतु हा वाद वाचकाच्या लक्षात तरी यावयास हवा की नाही? आधुनिक इंग्रजीत 'लेस्ट'च्या जागी 'अदरवाइज' येतो. 'अदरवाइज' म्हणजे 'नाहीतर'. त्यात परिणाम आहे, पण भीती आणि हेतू मावळले आहेत. टोचणारी कड घासून बोथट केली की हात कापत नाही हे खरे. पण शास्त्रवचनाचा हेतू नेहमी हात न कापण्याचाच असतो काय?

मराठी वाचकाने येथे विशेष लक्ष द्यावे. 'लेस्ट'ला आधुनिक इंग्रजीत सरळ पर्याय उरला नाही. मराठीत तो आहे. 'नये म्हणून' हा तो पर्याय. आई मुलाचा हात धरते तो मूल पडू नये म्हणून. यात भीती आहे आणि हेतूही आहे. 'म्हणून' हे रूप 'म्हणणे' या धातूचेच. जणू आईने मनातल्या मनात 'पडू नये' असे म्हटले आणि मग हात धरला. जुन्या इंग्रजीच्या तीन शब्दांनी जे साधले ते आमच्या दोन शब्दांनी आजही, रोजच्या बोलण्यात, साधते. असे असता आमचे भाषांतरकार काय करतात? ते सोप्या केलेल्या इंग्रजीवरून मराठी करतात. 'अदरवाइज' समोर दिसतो, ते 'नाहीतर' लिहितात. इंग्रजीने गमावले ते तिच्या गरजेने असेल. आम्ही मात्र घरात असलेली वस्तू शेजाऱ्याच्या घरात नाही म्हणून फेकून देत आहोत. पंडिता रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून घेतल्या. ते भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. मूळ पाठाकडे जाण्याचे ते कष्ट आजच्या भाषांतरकारास जमत नसतील, तर निदान जुन्या इंग्रजी भाषांतराचे पुस्तक शेजारी उघडे ठेवण्यास काय हरकत आहे? तेथे प्रत्येक 'लेस्ट' आणि प्रत्येक 'फॉर' त्याला सावध करील.

आता उपासनेकडे वळू. लॅटिन मिस्साग्रंथात भाकरीवरील ख्रिस्ताच्या शब्दांत 'एनिम' हे एक छोटे अव्यय आहे. त्याचा अर्थ 'कारण'. घ्या आणि खा, कारण हे माझे शरीर आहे, असा तो अन्वय. १९७३ च्या इंग्रजी मिस्साग्रंथात हा 'एनिम' उतरलाच नाही. आज्ञा एकीकडे राहिली आणि विधान दुसरीकडे. २०११ च्या आगमनकाळापासून बहुतेक इंग्रजीभाषक ठिकाणी जे नवे भाषांतर सुरू झाले त्यात 'फॉर' परत आला. मधल्या अडतीस वर्षांत एक आखखी पिढी लहानाची मोठी झाली आणि तिने इंग्रजीत हे वाक्य 'कारण' या शब्दावाचून ऐकले. संस्कार त्यामुळे उणा झाला नाही, हे आम्ही जाणतो. पण खाण्याचे निमंत्रण आणि खाण्याचे कारण यांतला धागा कानांवर आला नाही, हेही खरेच.

तीच गोष्ट प्रारंभीच्या प्रार्थनांची. लॅटिन प्रार्थनेची घडण ठरलेली आहे: देवाला हाक, मग 'जो तू' असे संबंधी वाक्य, मग मागणे, आणि मग 'यासाठी की' असा हेतू. चारही अवयव एका वाक्यात गुंफलेले असतात. क्रॅन्मरने १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात ही घडण सांभाळली. त्याच्याशी आमचे इतर मतभेद असोत, त्याच्या कानाला दोष देता येणार नाही. १९७३ च्या भाषांतराने ही वाक्ये पुष्कळ ठिकाणी तोडली. 'जो तू' गेला आणि 'पित्या, तू अमुक केलेस' असे स्वतंत्र विधान आले. जणू देवाला त्याच्याच कृत्यांची बातमी सांगायची होती! वस्तुतः 'जो तू' मध्ये बातमी नसते, आधार असतो. तू असा आहेस, त्या अर्थी आम्ही हे मागतो आहोत. तो आधार निसटला की मागणे उघडे पडते. २००१ साली रोमहून निघालेल्या 'लितुर्जियाम औथेंतिकाम' या दस्तऐवजाने, मुख्य आणि गौण वाक्यांमधील संबंध भाषांतरात शक्य तितके राखावेत, असे स्पष्ट सांगितले. त्या दस्तऐवजातील प्रत्येक गोष्टीशी सहमत असण्याचे कारण नाही. परंतु या एका सूत्रास आमचा मनापासून दुजोरा आहे.

प्रतिपक्षाची बाजू लपवून ठेवणे आम्हाला मान्य नाही. ते म्हणतात, भाषा जिवंत असते. लोकांच्या तोंडी नसलेले शब्द त्यांच्या माथी का मारावेत? हे बरोबर आहे. किंग जेम्स बायबलात मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात 'बट अँड इफ' असा प्रयोग आहे. तेथला 'अँड' म्हणजे 'आणि' नव्हे; तो 'जर' या अर्थाचा जुना शब्द आहे, जो शेक्सपिअरच्या नाटकांत 'अ‍ॅन' या रूपात वारंवार भेटतो. आजचा वाचक तेथे हमखास फसतो. असा शब्द बदलावा, नव्हे, बदललाच पाहिजे. ते पुढे म्हणतात, २०११ च्या मिस्साग्रंथातील लांबलचक वाक्ये कानांनी पकडता येत नाहीत. धर्मगुरूंचा श्वास संपतो आणि भाविकांचे लक्ष उडते. हीही तक्रार खोटी नाही. लॅटिनची गुंफण जशीच्या तशी उचलून इंग्रजीच्या अंगावर चढवली की ती आखूड अंगरख्यासारखी तटतटते. पण यातून निष्कर्ष काय निघतो? वाक्य लहान करावे, हा. सांधा तोडावा, हा नव्हे. लांबी आणि जोडणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पौलाची वर सांगितलेली कारणे लहान लहान वाक्यांत मांडता येतात; अट एवढीच की प्रत्येक वाक्याच्या तोंडी त्याचे 'कारण' असावे.

तसेच, आमच्या बाजूने उभे राहणाऱ्या काही मंडळींपासूनही आम्हाला अंतर राखले पाहिजे. जुने म्हणून सुंदर, असे मानणारे हे लोक. त्यांना 'ऑलबीट' हा दागिना वाटतो. निमंत्रणपत्रिकेत, सत्काराच्या मानपत्रात, संपादकांना लिहिलेल्या इंग्रजी पत्रात ते तो मिरवतात; त्याच्या मागेपुढे 'तरी' म्हणण्याजोगे काही नसते. असा मोह मोठमोठ्यांनाही पडला आहे. कोलरिजने १७९८ साली आपले वृद्ध खलाशाचे काव्य जुन्या शब्दांनी मढवून काढले; १८०० च्या आवृत्तीत त्यातले पुष्कळ शब्द त्याने स्वतःच उतरवले. काव्य त्यामुळे कमी झाले नाही. जुना शब्द शोभेसाठी ठेवणे आणि जुना शब्द न समजता टाकणे, या दोन्ही कृतींच्या मुळाशी एकच अज्ञान आहे: तो शब्द काही काम करीत होता हे दोघांच्याही लक्षात आलेले नसते.

हे काम खरोखर किती महत्त्वाचे असते हे पाहावयाचे असेल तर कायद्याकडे जावे. तेथे कोणी 'जळमटे' म्हणत नाही, कारण तेथे जमीन, पैसा आणि अधिकार पणाला लागलेले असतात. भारतीय राज्यघटनेत १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३१ क चा इंग्रजी पाठ 'नॉटविथस्टँडिंग' या शब्दाने सुरू होतो. त्या एका शब्दाच्या बळावर जमीनविषयक सुधारणांच्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आव्हानापासून संरक्षण मिळाले. कॅनडात १९८२ च्या हक्कांच्या सनदेतील तेहतिसावे कलम तर लोक 'नॉटविथस्टँडिंग कलम' याच नावाने ओळखतात. आपल्या शासकीय अधिसूचना आजही 'ज्याअर्थी' ने सुरू होऊन 'त्याअर्थी' वर येतात, आणि अधिनियमांतील अपवाद 'परंतु' ने उघडतो. सातबाऱ्याच्या वादात 'परंतु' गाळलेला चालत नाही. मग ज्या शब्दांवर आपण आपले सारे आयुष्य टेकवतो त्यांतला 'कारण' गाळलेला का चालावा?

शेवटी एका इंग्रजाचीच आठवण करून देतो. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. 'लेस्ट' आणि 'ऑलबीट' ज्या काळी इंग्रजीत रोजचे होते त्या काळचा हा मनुष्य. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली, म्हणजे शेक्सपिअर वारला त्याच वर्षी, रायतूरला प्रथम छापले गेले. आपल्या मायबोलीचे सांधे त्याने मराठीवर लादले नाहीत. 'परी', 'जरी', 'तरी' हे येथल्या मातीतले सांधे त्याने शिकून घेतले आणि त्यांवर अकरा हजारांच्या जवळपास ओव्यांचा डोलारा उभा केला. परक्या भाषेत लिहिताना कोणती वस्तू बरोबर न्यायची आणि कोणती तेथेच शोधायची, याचा याहून चांगला धडा आम्हाला ठाऊक नाही. त्याने शब्द इंग्लंडात ठेवले. 'कारण', 'तरी' आणि 'नये म्हणून' यांचा विचार मात्र बरोबर आणला.

आमच्या भाषांतरकारांकडे आम्ही एवढेच मागतो. 'ऑलबीट'ला 'असे असले तरी' म्हणा, 'फॉर'ला 'कारण' म्हणा, 'लेस्ट'ला 'नये म्हणून' म्हणा. परंतु त्यांच्या जागी पूर्णविराम देऊन पुढे जाऊ नका. आणि वाचकांकडेही एक मागणे आहे. भारतात इंग्रजी मिस्सेच्या वाचनांसाठी २०२० पासून जे नवे भाषांतर वापरले जात आहे त्यात रोमकरांस पत्रातला क्रोधापूर्वीचा 'फॉर' जागेवर आहे. तो ऐकावा. मग मराठी वाचनांनाही त्याच कानाने सामोरे जावे: 'कारण' कोठे आले, 'म्हणून' कोठे आले, आणि जेथे यावयास हवे होते तेथे नुसतीच शांतता आहे काय. अशी शांतता आढळली तर ती शोभेची समजून स्वस्थ बसू नये. संबंधितांस नम्रपणे, पण लेखी, कळवावे.